समुद्राचा पासंग

अलिबागजवळच्या आमच्या गावात माझ्या वडिलांचे किराणामालाचे दुकान होते. सकाळी फळ्या काढल्या, देवापुढे उदबत्ती लावली, की त्यांचे पहिले काम ठरलेले असे. रिकामा तराजू हातात उचलून धरायचा आणि काटा बरोबर मध्यावर येतो की नाही ते पाहायचे. एक पारडे किंचित खाली गेलेच, तर दुसऱ्या पारड्याच्या दोरीला ते वाटाण्याएवढा लोखंडाचा तुकडा बांधत. त्याला पासंग म्हणतात. आपल्यापैकी ज्यांचे लहानपण गावात गेले, त्यांना तो आठवत असेल. वर्षातून एकदा वजनमाप खात्याचा माणूस येऊन वजनांवर शिक्का मारून जाई. पण वडील म्हणत, "शिक्का वर्षाचा, पासंग रोजचा."

पुढे मी इन्स्ट्रुमेंटेशन इंजिनियर झालो. आधी ठाण्याला एका रसायनांच्या कारखान्यात आणि नंतर इकडे कॅलिफोर्नियात तीस-एक वर्षे दाबमापके, तापमापके, प्रवाहमापके तपासण्यात गेली. कामाला कॅलिब्रेशन असे भारदस्त नाव होते आणि पगारही बरा होता, पण काम वडिलांचेच. कोणतेही यंत्र कितीही महागाचे असले, तरी ते खरे बोलते आहे हे दुसऱ्या, वेगळ्या पद्धतीने मोजणाऱ्या यंत्राशी ताडून पाहिल्याशिवाय समजायचे नाही, एवढीच त्यातली शिकवण.

हे सगळे आठवायला कारण झाले ते धाकट्या भावाच्या फोनचे. आमचे जुने घर सुरूच्या बनामागे, समुद्रापासून फार तर दीडशे पावलांवर आहे. गेली काही वर्षे उधाणाचे पाणी बनाच्या आत येऊ लागले आहे आणि मागच्या विहिरीचे पाणी मचूळ लागते. घराची दुरुस्ती काढायची, तर त्याच वेळी जोते दोन फूट उचलावे की काय, हा त्याच्यापुढचा प्रश्न. खर्च थोडाथोडका नाही.

"दादा, इथे व्हॉट्सअ‍ॅपवर एक मेसेज फिरतोय," तो म्हणाला. "समुद्र वाढतोय म्हणून सांगणारे सॅटेलाइटचे आकडे हे लोक मागाहून बदलतात म्हणे. तू यंत्रांच्या धंद्यातला माणूस. यात खरं काय?"

"आकडे मागाहून बदलतात, हे अगदी खरं आहे," मी म्हटले. "पण ते का बदलतात, हे सांगायला हा फोन पुरायचा नाही."

म्हणून हा लेख. संपादकांनी पुरवणीसाठी काहीतरी लिहा म्हणून आग्रह केलाच होता. भावाला द्यायचे उत्तर आपल्या मंडळातल्या वाचकांनाही उपयोगी पडेल, असे वाटले. आपल्यापैकी कितीतरी जणांचे कोणी ना कोणी त्या किनाऱ्यावर राहतेच.

विहीर, तरंगते आणि पेन

समुद्राची पातळी मोजण्याचे जुने यंत्र म्हणजे भरतीमापक. त्याची रचना आपल्या आजीलाही समजेल इतकी सोपी. धक्क्याला लागून एक उभी नळी किंवा विहीर असते. तिला तळाशी लहानसे भोक असते. त्यामुळे बाहेरच्या लाटांची धडपड आत येत नाही, भरती-ओहोटीचे पाणी मात्र सावकाश वरखाली होते. आत एक तरंगते असते, त्याला जोडलेले पेन असते, आणि घड्याळाच्या यंत्राने फिरणाऱ्या कागदावर रेघ उमटत जाते. आज कागदाची जागा रडारने आणि संगणकाने घेतली आहे, पण तत्त्व तेच.

अशा नोंदींची परंपरा मोठी आहे. स्टॉकहोमच्या नोंदी १७७४ पासूनच्या आहेत, फ्रान्समधल्या ब्रेस्ट बंदराच्या १८०७ पासूनच्या. इकडे सॅन फ्रान्सिस्कोत १८५४ साली मोजणी सुरू झाली. पश्चिम गोलार्धात इतकी वर्षे अखंड चाललेले दुसरे केंद्र नाही. १९०६ च्या भूकंपातही तिथली नोंद सुटली नाही. गोल्डन गेटजवळ क्रिसी फील्डच्या बाजूला फिरायला जाणाऱ्यांनी त्या केंद्राची छोटीशी खोली पाहिली असेल. पाहुण्यांना पूल दाखवायला नेताना मी ती आवर्जून दाखवतो. पाहुणे पुलाचेच फोटो काढतात, ते सोडा!

आपली मुंबईही यात मागे नाही. सर्वेक्षण खात्याने १८७७ पासून देशभरच्या बंदरांत भरतीची पद्धतशीर मोजणी हाती घेतली. लष्करी इंजिनियर बेअर्ड हे त्या कामाचे प्रमुख होते. अपोलो बंदरच्या नोंदी १८७८ पासून उपलब्ध आहेत. गेटवे ऑफ इंडियाचे उद्घाटन झाले १९२४ साली. म्हणजे आपण ज्या कमानीखाली उभे राहून फोटो काढतो, तिच्यापेक्षा शेजारची ही वही शेहेचाळीस वर्षांनी मोठी आहे.

पण या यंत्राच्या दोन अडचणी आहेत. पहिली म्हणजे ते किनाऱ्यावर किंवा बेटावरच बसवता येते. भर समुद्राचे त्याला काही कळत नाही. दुसरी अडचण जास्त खोल आहे. ते पाणी मोजते ते शेजारच्या जमिनीच्या मानाने. जमीनच हलत असेल तर? हिमयुगातल्या बर्फाच्या ओझ्याखाली दबलेली स्वीडनची भूमी अजून वर येते आहे, म्हणून स्टॉकहोमचे यंत्र समुद्र उतरतोय असे सांगते. उलट कोलकात्याच्या खाली डायमंड हार्बरला गाळाची जमीन खचते आहे, म्हणून तिथे समुद्र वर्षाला पाच मिलिमीटरच्या वेगाने चढताना दिसतो. यंत्रे दोन्ही खरी. फक्त तराजू धरणारा हातच वरखाली होतो आहे.

आकाशातली फूटपट्टी

यावर उपाय म्हणून उपग्रह आले. १९७८ साली अमेरिकेने सीसॅट सोडला. विजेच्या बिघाडाने तो साडेतीन महिन्यांतच बंद पडला, पण वरून समुद्राची उंची मोजता येते हे त्याने दाखवून दिले. खरे युग सुरू झाले १० ऑगस्ट १९९२ रोजी. त्या दिवशी दक्षिण अमेरिकेतल्या फ्रेंच गयानामधून टोपेक्स-पोसायडन हा अमेरिका आणि फ्रान्स यांचा संयुक्त उपग्रह उडाला. सुमारे १,३३६ किलोमीटर उंचीवरून तो फिरे आणि दर दहा दिवसांनी त्याच त्या रेषांवरून परत जाई.

त्याची रीत अशी. रडारची हाक खाली मारायची, ती पाण्यावर आपटून परत यायला किती वेळ लागला ते मोजायचे. जायला-यायला मिळून सेकंदाचे सुमारे नऊ हजारांश लागतात. त्यावरून उपग्रह ते पाणी हे अंतर कळते. उपग्रह स्वतः किती उंचीवर आहे, हे लेसर, रेडिओ आणि जीपीएसच्या साहाय्याने वेगळे काढायचे. एकातून दुसरे वजा केले, की पाण्याची उंची हाती आली. जमिनीचा संबंधच नाही, आणि सगळे महासागर दहा दिवसांत मोजून होतात.

ऐकायला सोपे वाटते ना? आता आकडे बघा. एका सेंटीमीटरचा फरक ओळखायचा, तर वेळ मोजताना सेकंदाच्या लाख कोटी भागांपैकी ६७ भागांची चूकही चालत नाही. वाटेत हवेतल्या बाष्पामुळे ही हाक रेंगाळते आणि पाण्याचे अंतर काही सेंटीमीटर ते चाळीसएक सेंटीमीटरपर्यंत जास्त भासते. म्हणून बाष्प मोजणारे दुसरे यंत्र सोबत न्यावे लागते. वातावरणाच्या वरच्या थरातल्या विद्युतभारित कणांमुळे आणखी उशीर होतो. लाटांच्या शिखरांपेक्षा खोलगट भागातून रडारचा प्रतिध्वनी जास्त जोरात येतो, म्हणून खवळलेला समुद्र आहे त्यापेक्षा खाली दिसतो. या सगळ्यांची वजाबाकी करायची, आणि शेवटी वर्षाला दोन-तीन मिलिमीटरचा बदल शोधायचा. दोन-तीन मिलिमीटर म्हणजे आपल्या जुन्या रुपयाच्या नाण्याची जाडी. आणि ती मोजायची कुठून, तर मुंबई-दिल्ली रेल्वेच्या अंतराएवढ्या उंचीवरून.

अशा यंत्राला पासंग लागणार नाही तर कशाला लागणार?

तेलाच्या मनोऱ्यावर

हे काम करणाऱ्यांना त्याची पूर्ण जाणीव होती. म्हणून उपग्रह उडायच्या आधीच त्याच्या मार्गातली दोन ठिकाणे तपासणीसाठी निवडण्यात आली. फ्रेंचांनी भूमध्य समुद्रातले लाम्पेदुसा बेट घेतले. अमेरिकनांनी कॅलिफोर्नियातल्या पॉइंट कन्सेप्शनच्या समोर, किनाऱ्यापासून दहा-अकरा किलोमीटरवर उभा असलेला हार्वेस्ट नावाचा तेलाचा मनोरा घेतला. लॉस एंजेलिसहून रेल्वेने उत्तरेला जाताना डाव्या हाताला समुद्रात असे मनोरे उभे दिसतात. माझी मुले लहान असताना आम्ही त्या गाडीने जायचो, तेव्हा त्यांतला एक मनोरा आकाशातल्या उपग्रहाचा तराजू तपासतो हे मला ठाऊक नव्हते.

मनोऱ्याखाली पाणी सुमारे दोनशे मीटर खोल. त्यावर पाण्याची पातळी मोजणारी यंत्रे बसवली, आणि मनोरा स्वतः कुठे आहे, खचतो आहे का, हे कळावे म्हणून जीपीएसचे उपकरण बसवले. दर दहा दिवसांनी उपग्रह डोक्यावरून जाई. सेकंदाला सहाएक किलोमीटर या वेगाने त्याची सावली पाण्यावरून सरके. त्या क्षणी वरून आलेला आकडा आणि खाली मोजलेला आकडा शेजारी शेजारी मांडायचे.

पहिल्या काही महिन्यांतच एक कोडे समोर आले. उपग्रहावर रडार दोन होती, एक अमेरिकन आणि एक फ्रेंच, एकाच अँटेनावर आळीपाळीने चालणारी. फ्रेंच रडार मनोऱ्याशी जवळजवळ जुळत होते. अमेरिकन रडार मात्र तेरा-चौदा सेंटीमीटरने वेगळे बोलत होते. एवढा पासंग कुठून आला, ते काही केल्या कळेना.

बेटांची साक्ष

तेरा सेंटीमीटरचा स्थिर फरक एक वेळ परवडतो. तो कायम तेवढाच राहिला तर वजा करून टाकता येतो. दुकानदाराला खरी भीती असते ती रोज थोडाथोडा सरकणाऱ्या काट्याची. समुद्र वर्षाला तीन मिलिमीटर चढतो आहे की यंत्राचा काटा वर्षाला तीन मिलिमीटर सरकतो आहे, हे वरून पाहून कळायचे कसे? आणि एकटा मनोरा यासाठी पुरत नाही. एका ठिकाणच्या आकड्यांत गोंगाट फार.

इथे कामाला आली ती पॅसिफिकमधल्या बेटांवरची भरतीमापके. क्लाउस विर्टकी हे हवाई विद्यापीठातले समुद्रशास्त्रज्ञ. एल निनोचा अभ्यास करण्यासाठी त्यांनी १९७० च्या दशकात बेटाबेटांवर ही यंत्रे बसवली होती. तेव्हा उपग्रह तपासायचा विचारही कोणाच्या मनात नव्हता. त्याच केंद्रातले गॅरी मिचम यांनी एक सोपी युक्ती काढली. प्रत्येक बेटाशी उपग्रहाचा आकडा आणि भरतीमापकाचा आकडा यांची वजाबाकी करायची. समुद्र खरोखर वर-खाली झाला असेल तर तो दोघांनाही दिसणार, म्हणजे वजाबाकीत तो नाहीसा होणार. मागे उरतो तो दोन यंत्रांमधला फरक. एका बेटाच्या यंत्रात दोष असेल, तर तो एकाच ठिकाणी दिसेल. पण सगळ्या बेटांवर एकाच वेळी एकच फरक वाढत जात असेल, तर साठ साक्षीदार खोटे आणि एक खरा असे मानण्यापेक्षा दोष वर आहे असे समजणे शहाणपणाचे.

टोपेक्सच्या पहिल्या काही वर्षांच्या आकड्यांवरून समुद्र अपेक्षेपेक्षा बराच वेगाने चढताना दिसत होता. वर्तमानपत्रांना बातमी म्हणून ते सोयीचे होते. पण बेटे ते मान्य करीनात. शेवटी १९९६ साली चूक सापडली. उपग्रहावरच्या घड्याळाची गती वर्षांगणिक किंचित बदलते. तो बदल सुधारण्यासाठी जमिनीवर जो संगणकाचा प्रोग्रॅम लिहिला होता, त्यातच गफलत होती. ती दुरुस्त केल्यावर समुद्राच्या चढण्याचा वेग कमी झाला, आणि हार्वेस्टवरचे ते तेरा सेंटीमीटरचे कोडेही त्याच चुकीचे निघाले. यंत्रात दोष नव्हता, हिशेबात होता. घड्याळ बरोबर, वहीतली बेरीज चुकलेली!

भावाच्या व्हॉट्सअ‍ॅपवाल्या मित्राने इथे जरा थांबावे. या दुरुस्तीने समुद्राची वाढ कमी दाखवली, जास्त नव्हे.

पुढची चूक उलट दिशेची निघाली. घड्याळाचा हिशेब सुधारल्यावरही बेटांच्या मानाने उपग्रह थोडा खाली घसरताना दिसत होता. शोध घेता बोट गेले बाष्प मोजणाऱ्या यंत्राकडे. त्याच्या तीन कंपनसंख्यांपैकी एकीचे वाचन सरकत होते आणि त्यामुळे समुद्राची वाढ वर्षाला सुमारे एक मिलिमीटर कमी दिसत होती. इतर उपग्रहांशी आणि फुग्यांतून सोडलेल्या उपकरणांशी ताडून २००० सालापर्यंत हे पक्के झाले. ही दुरुस्ती समुद्राला वर घेऊन गेली.

यातली एक गोष्ट मला फार आवडते. बेटांकडे बघून उपग्रहाचा आकडा ओढून-ताणून जुळवला आणि मोकळे झाले, असे बहुधा कोणी केले नाही. बेटांनी फक्त संशय निर्माण केला. मग यंत्र उघडून, वही उघडून कारण शोधले. कारखान्यात आम्ही नव्या पोरांना हेच सांगायचो, की काटा चुकतोय म्हणून काच काढून काटा सरळ करू नका, तो का चुकला ते आधी पाहा.

स्वतःची तपासणी स्वतःच

१९९९ च्या फेब्रुवारीत टोपेक्सचे मूळ रडार म्हातारे झाले म्हणून त्याच्या जोडीचे राखीव रडार चालू केले गेले. पुढे ७ डिसेंबर २००१ रोजी जेसन-१ उडाला. २००२ मध्ये काही महिने दोन्ही उपग्रह एकाच मार्गावर, एकामागे एक सुमारे एका मिनिटाच्या अंतराने उडवण्यात आले. जुने वजन मोडीत काढण्याआधी नवे त्याच्याशी ताडून घ्यावे, तसे. हीच पद्धत २००८ च्या जेसन-२, २०१६ च्या जेसन-३ आणि २०२० च्या सेंटिनेल-६ यांच्या वेळी पाळली गेली. त्यामुळे १९९२ पासूनची साखळी कुठे तुटलेली नाही.

तरीही एक कोडे राहिलेच होते. ग्रीनलंडचे बर्फ अधिकाधिक वेगाने वितळत होते, पण उपग्रहांच्या मते समुद्राची वाढ पहिल्या दशकापेक्षा दुसऱ्या दशकात मंदावलेली दिसे. २०१५ साली टास्मानिया विद्यापीठातले क्रिस्टोफर वॉटसन आणि त्यांचे सहकारी यांनी पुन्हा भरतीमापकांकडे धाव घेतली. या वेळी जमीन किती हलते याचाही जीपीएसने हिशेब धरला. त्यांना आढळले, की टोपेक्सच्या मूळ रडारने १९९३ ते १९९९ या काळात समुद्राची वाढ वर्षाला सुमारे ०.९ ते १.५ मिलिमीटरने जास्त दाखवली होती. ती वजा केल्यावर एकूण वेग ३.२ वरून २.६ ते २.९ मिलिमीटरवर आला. सुरुवातीची वर्षे अशी खाली आल्याने नंतरची वाढ मंदावलेली नसून वेग घेत असल्याचे उघड झाले.

दोन वर्षांनी कारणही सापडले, आणि ते वाचून मी खुर्चीत बसल्या जागी हसलो. टोपेक्सचे रडार स्वतःची तपासणी स्वतः करून त्यावरून एक दुरुस्ती लावत असे. ती दुरुस्तीच चुकीची होती! ती काढून टाकली की आकडे सुधारतात, हे बेकली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवले. वडिलांच्या दुकानात कोणी त्याच तराजूत त्याचाच पासंग तोलायला गेला असता, तर त्यांनी काय म्हटले असते, ते इथे लिहिण्यासारखे नाही.

पण समुद्रातली यंत्रे तरी नेहमी खरी असतात का? तर तसेही नाही. २००० च्या सुमारास आर्गो नावाचे तरंगते तापमापक समुद्रात सोडायला सुरुवात झाली. ती दोन हजार मीटरपर्यंत बुडी मारतात, दर दहा दिवसांनी वर येऊन आपले वाचन कळवतात. (जेसन हा ग्रीक पुराणातला दर्यावर्दी आणि आर्गो हे त्याचे जहाज. नाव ठेवणाऱ्यांना दाद दिली पाहिजे.) २००६ मध्ये या आकड्यांवरून निष्कर्ष निघाला, की २००३ ते २००५ मध्ये वरचा समुद्र थंड झाला. थंड पाणी आकसते, म्हणजे समुद्र उतरायला हवा. पण उपग्रह सांगत होते की तो चढतोच आहे. हा निष्कर्ष काढणाऱ्यांपैकी एक असलेले जॉश विलिस यांनी स्वतःच मागे जाऊन तपास केला. काही तरंगत्यांची खोली चुकीची नोंदली गेली होती, आणि जुन्या पद्धतीच्या तापमापकांतही दोष होता. २००७ मध्ये त्यांनी आपलाच निष्कर्ष मागे घेतला. इथे आकाशातल्या यंत्राने पाण्यातल्या यंत्राची चोरी पकडली!

आपल्या देशाचाही या कामात वाटा आहे. २५ फेब्रुवारी २०१३ रोजी श्रीहरिकोटाहून इस्रोने फ्रेंचांबरोबर बनवलेला सरल हा उपग्रह सोडला, आणि त्याची तपासणी करण्यासाठी लक्षद्वीपमधल्या कवरत्ती बेटावर यंत्रे बसवली. नाव सरल असले, तरी काम किती अवघड आहे ते आता वाचकांच्या लक्षात आले असेलच.

जोत्याचे काय करायचे

तर भावाला द्यायचे उत्तर. जगाचा समुद्र १९९३ पासून दहा सेंटीमीटरच्या आसपास चढला आहे, आणि चढण्याचा वेग त्या वेळेपेक्षा दुपटीच्या जवळ गेला आहे. आकडे बदलले हे खरे. पण ते कधी खाली गेले, कधी वर. दर वेळी कोणी, कशामुळे आणि किती बदलले ते छापून सांगितले आहे. जो दुकानदार गिऱ्हाइकासमोर तराजू उचलून पासंग दाखवतो, त्याच्याकडून मी माल घेईन. ज्याचा काटा पन्नास वर्षांत एकदाही तपासावा लागला नाही, त्याच्या दुकानात मी जाणार नाही.

उंचीच्या आणि दिमाखाच्या हिशेबात धक्क्यावरचे भरतीमापक उपग्रहाच्या पासंगालाही पुरणार नाही, असे कोणी म्हणेल. पण पासंग तेच आहे. ते बंद पडले, तर वरचा आकडा खरा की खोटा हे सांगणारे फारसे कोणी उरत नाही. आणि ही यंत्रे नेहमी पैशावाचून, माणसांवाचून पहिली बळी पडतात, कारण त्यांच्या उड्डाणाचा सोहळा टीव्हीवर दाखवता येत नाही.

एवढे झाले, तरी भावाचा अर्धाच प्रश्न सुटतो. उपग्रहाचा आकडा सगळ्या महासागरांचा मिळून आहे, आमच्या अंगणाचा नाही. रडारची एक हाक काही किलोमीटर रुंद पाण्यावर पडते; किनाऱ्याजवळ तीत जमीन मिसळते आणि आकडा बिघडतो. अपोलो बंदरच्या विसाव्या शतकातल्या नोंदींनुसार तिथे समुद्र वर्षाला पाऊण मिलिमीटरच्या आसपास चढला, म्हणजे जगाच्या आजच्या सरासरीपेक्षा बराच कमी. पण मुंबईच्या मोठ्या उधाणाचे पाणी साडेचार मीटरच्या वर जाते. भांडे आधीच काठोकाठ असले, की वरून ओतलेला पेलाभरही बाहेर सांडतो. शिवाय वाळू किती उपसली, विहिरीतून पंपाने किती पाणी ओढले, याचाही मचूळपणाशी संबंध असतोच. ते कुठलाच उपग्रह सांगत नाही.

मी भावाला पुन्हा फोन केला. म्हटले, "जोतं उचल. पुढच्या पन्नास वर्षांचा विचार केला तर तो खर्च वाया जायचा नाही. आणि आणखी एक काम कर. जेटीच्या पायरीवर तेलरंगाने खूण कर. प्रत्येक अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी खुणेच्या किती वर-खाली आलं, ते तारीख-वेळ घालून वहीत लिही. अण्णांची उधारीची वही होती ना, तशी."

तो हसला. मला वाटले, विसरेल. पंधरा दिवसांनी त्याचा मेसेज आला. सोबत फोटो होता. शेवाळलेल्या पायरीवर लाल रंगाची आडवी रेघ, बाजूला तारीख. खाली त्याने लिहिले होते, "दादा, खूण केली. पण ही पायरीच खचत नाहीये, हे कशावरून समजायचं?"

अण्णा असते, तर त्यांनी त्या दिवशी दुकान त्याच्या हवाली केले असते.